सगळ्या कॉप्या एका छपराखाली नकोत

बॅकअप काकांना एकटी वस्तू बघवायची नाही. बाथरूममध्ये एकच मग दिसला की दुसरा आणायचे. लाटणी दोन, छत्र्या दोन, आणि दाराच्या किल्ल्या तर खिशात एक, शेजारी एक, शिवाय मीटरच्या डबीमागे एक. कुणी सहज म्हणालं, "माझ्याकडे एकच आहे हो," की काकांचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरच्यानं कुणी गेल्याची बातमी दिलीय. "एकच आहे?" ते हळूच विचारायचे. "मग गेलंच समज." अख्ख्या घरात सगळं दोन-दोन होतं. माणूस तेवढा एक. काकूंना जाऊन बराच काळ झाला होता, आणि त्या बाबतीत काकांकडे काही सोय नव्हती.

आडनाव गायकवाड. पण पुण्यात विश्रांतवाडीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना बॅकअप काकाच म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. मी वर गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मूळचा करमाळ्याचा. नोकरी कस्टमर केअरची, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि मऊ आवाजात "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं. मऊ आवाज मला अवघड नाही. आवाज कुठलाच अवघड नाही. शाळेत असताना मी खिडकीआडून मुख्याध्यापकांच्या आवाजात ओरडून शिपायाकडून सुट्टीची घंटा वाजवून घेतली होती. अख्खी शाळा घरी गेली, मुख्याध्यापकसुद्धा. त्यांना वाटलं, आपणच सांगितलं असेल.

काकांची माझी ओळख झाली ती माझा फोन चोरीला गेला तेव्हा. बसमध्ये खिशातून गेला. बिल्डिंगमध्ये ज्यानं त्यानं विचारलं, "कितीचा होता?" काका जिन्यात भेटले, त्यांनी विचारलं, "आत काय होतं?"

म्हटलं, "ताईच्या लग्नाचे फोटो, मित्रांचे व्हॉइस मेसेज, असंच."

"दुसरीकडे कुठे ठेवलं होतंस?"

"नाही ओ काका."

ते जिन्याच्या पायरीवर बसलेच. फोन माझा गेला होता आणि धीर मी त्यांना देत होतो. शेवटी मीच म्हणालो, "काका, चहा घेता का?" तर म्हणाले, "चल, माझ्याकडे चल. तुझ्याकडे कपसुद्धा एकच असेल." एकच होता.

चहा पिताना त्यांनी आपला धंदा सांगितला. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ते टेप रूम सांभाळायचे. दिवसभराचा सगळा हिशोब, पगार, माल, सगळं टेपांवर उतरवायचं, टेपांना चिठ्ठ्या लावायच्या, आणि दर शुक्रवारी एक संच पत्र्याच्या पेटीत भरून स्कूटरवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला, बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवायचा. "कारखाना जळाला तरी लोकांचा पगार झाला पाहिजे," काका म्हणाले, "एवढंच माझं काम." कारखाना काही जळाला नाही. काका रिटायर झाले. पेटी कंपनीनं ठेवून घेतली, सवय मात्र काकांबरोबर घरी आली.

आता घरी काय उतरवून ठेवणार? पण त्यांनी पद्धत लावली होती. आयुष्यभराचे फोटो, काकू शिकवायच्या त्या शाळेतल्या गॅदरिंगचे व्हिडिओ, मेघाताईचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं लग्न, घराची कागदपत्रं, हे सगळं एका पेनड्राइव्हवर. त्यात दर महिन्याला नवा महिना घालायचा. आणि असा भरलेला पेनड्राइव्ह पुण्यात दोन ठिकाणी, पुण्याबाहेर एका ठिकाणी, असा वेगवेगळ्या छपरांखाली ठेवायचा. माणसं नेमलेली होती. ज्याच्या घरी कॉपी, त्याला काका त्या जागेच्या नावानंच हाक मारायचे. त्यांचे जुने दोस्त तांबोळीचाचा, मिरचीचे व्यापारी, त्यांचं नाव मार्केट यार्ड. माझ्याआधी गच्चीवरच्या खोलीत राहून गेलेली प्राजक्ता, आता आयटीत, तिचं नाव खराडी. माझ्या फोनचं दुःख ओसरल्यावर काकांनी मला नीट निरखून विचारलं, "गावी जातोस का रे?" त्या दिवसापासून मी करमाळा.

काम सोपं होतं. महिन्यातून एकदा जुना पेनड्राइव्ह आणून द्यायचा, भरलेला घेऊन जायचा. ठेवायला चष्म्याचं घर. काकूंची जुनी चष्म्याची घरं त्यांनी या कामाला लावली होती, माझ्या वाट्याला लाल आलं. पण तिघांनी एकदम यायचं नाही. "सगळ्या कॉप्या एका छपराखाली नकोत," काका सांगायचे. "स्लॅब कोसळला म्हणजे?" म्हणून पहिला रविवार मार्केट यार्डचा, दुसरा खराडीचा, तिसरा करमाळ्याचा. या नियमानं मी त्या दोघांना कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि चौथा?" मी विचारलं.

"चौथा मेघाचा," काका म्हणाले, आणि ड्रॉवर उघडून दाखवला. निळ्या चष्म्याच्या घरात एक पेनड्राइव्ह, वर चिठ्ठी: मेघा. तोसुद्धा दर महिन्याला भरला जायचा. मेघाताई ऑस्ट्रेलियात. त्यामुळे चौथा पेनड्राइव्ह भरला जायचा आणि परत ड्रॉवरमध्ये जायचा.

या पद्धतीमुळे मला दर महिन्याला गावी जावं लागायला लागलं. सुट्टी रविवार-सोमवार. सकाळी काकांकडे, दुपारची एसटी, संध्याकाळी करमाळा. आधी मी सहा-सहा महिने जायचो नाही. मी कंटाळा केला की काका जिन्यातून हाक द्यायचे, "करमाळा, माल पोचला का?" आईला वाटलं, पोराला घराची ओढ लागली. तिनं चष्म्याचं घर कपाटात, तिच्या चांगल्या साड्यांच्या घडीत ठेवलं. "काय रे असतं यात?" ती विचारायची. मी म्हणायचो, "काकांचा महिना." तीसुद्धा मग आल्या-आल्या आधी विचारायची, "कसा गेला काकांचा महिना?"

आता खरी गंमत. काकांच्या महिन्यात नवीन असायचं काय? लाइटबिलाचा फोटो, कुंडीतल्या जास्वंदीचा फोटो, आणि आम्ही. ज्याचा रविवार असेल त्याला खुर्चीत बसवून फोटो काढायचे, मग छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवायचे, बटण दाबून म्हणायचे, "हं. बोला." मग आपण आपला महिना सांगायचा. काय झालं, काय खाल्लं, साहेब काय म्हणाला. काका मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. रेकॉर्डिंग खराब होतं म्हणे.

आणि पेनड्राइव्ह हातात द्यायच्या आधी ठरलेला प्रश्न, "उघडून बघितलंस?" हा प्रश्न मी आजही झोपेत त्यांच्या सुरात म्हणू शकतो. 'उघडून' सरळ, मग 'बघितलंस'वर एक पायरी वर, आणि तिथेच थांबायचं. "कॉपी झाली, झाली म्हणून सगळे नाचतात. उघडत नसेल तर तो दगड आहे." तपासायला ते महिन्यातली एखादी फाईल लावायचे. माझ्या रविवारी बहुतेक मार्केट यार्ड लागायचं. तांबोळीचाचांचा जाडा, तिखट आवाज: "गायकवाड, अरे काय सांगू तुला, या ब्याडगी मिरचीनं तर यंदा रडवलं, आणि गुडघ्यानं त्याहून." नाहीतर खराडी: "काका, म्हणजे ना, ॲक्च्युअली, मी मॅनेजरला म्हटलं की हे माझ्या कामात येतच नाही."

असे आवाज कानावर पडले आणि मी गप्प बसेन? तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी मिरचीवाले चाचा काढून दाखवले. काका हसले नाहीत. त्यांनी मूळ फाईल लावली, डोळे मिटून ऐकली, म्हणाले, "जुळत नाही. मार्केट यार्ड 'अरे'च्या आधी श्वास घेतो. पुन्हा." मी पुन्हा केलं. "आता बरं. खराडी कर." अशी तपासणी आमच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा माझी कधी केली नव्हती.

मग मला चेव आला. मी काकांसमोर काकाच काढले. चष्मा वर, मान थोडी डावीकडे, "उघडून बघितलंस?" वाटलं, आता खूश होतील. काकांनी रेकॉर्डर उचलून बंद केला. म्हणाले, "माझी कशाला कॉपी? मी इथे आहेच की." आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला.

एकदा फोटो बघताना माझ्या लक्षात आलं. काकू भातुकली मांडून बसल्यासारख्या मुलांच्या घोळक्यात, मेघाताई सायकलवर, मेघाताई बोहल्यावर, सगळे सगळीकडे. "काका, तुम्ही कुठे आहात यात?" ते म्हणाले, "मी काढतोय ना." काकूसुद्धा हेच विचारायच्या म्हणाले.

मग मेघाताई आल्या. उन्हाळ्यात, थोड्या दिवसांसाठी. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. प्रेमळ बाई, वडिलांच्या काळजीनं नुसती धावपळ. त्यांनी हा सगळा कारभार बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, अहो माणसं मार्केट यार्डातून येतात यासाठी? करमाळ्याला एसटीनं पाठवता? मी क्लाउडवर टाकून देते सगळं. आपोआप."

काकांनी खूप खुसपटं काढली. "ते असतं कुठे?"

"सिंगापूरला असेल कुठेतरी. सुरक्षित."

"तिथे आग लागत नाही?"

"तीन-तीन ठिकाणी कॉपी असते त्यांची, बाबा."

हा तर काकांचाच नियम. त्यांनी एकेक फाईल उघडून बघितली. सगळ्या उघडल्या. दोन दिवस शोधूनही त्यांना चूक सापडली नाही, आणि एवढं व्यवस्थित काम बघून इतका पडलेला चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. मेघाताईंनी आम्हा तिघांना मेसेज केला. इतकी वर्षं केलंत, मनापासून आभार, आता तुम्हाला यायचा त्रास नको.

त्रास नको म्हटल्यावर माणसं येत नाहीत. चाचांचा गुडघा होताच. खराडीची शिफ्ट होती. मलाही गावी जायचं कारण उरलं नाही, आईचे फोन वाढले. मी जिन्यात भेटलो की काका म्हणायचे, "बरं चाललंय. सगळं आपोआप."

पावसाळ्यात एका रविवारी मी असाच त्यांच्याकडे डोकावलो. दोन कप मांडलेले होते. "ये, करमाळा," म्हणाले, "तपासणी करतोय." क्लाउडवर चढलेली फाईल लावली होती. आधी त्यांचा आवाज, "हं. बोला." आणि मग पंखा. नुसता पंखा. लांब कुकरची शिट्टी झाली, कावळा ओरडला, परत पंखा. मला वाटलं बिघाड आहे.

"काका, यात कुणी नाहीये."

"पहिला रविवार आहे तो," काका म्हणाले. "मार्केट यार्डचा." मग दुसरी लावली. "हं. बोला." पंखा. "हा खराडीचा."

मी 'अरे'च्या आधी श्वास घेतला आणि सुरू झालो: "अरे गायकवाड, काय सांगू तुला, या गुडघ्यानं..." काकांनी झटकन रेकॉर्डरचं बटण दाबलं. मी चाचांचा अख्खा महिना रचून सांगितला. मिरची, गुडघा, हमालांशी भांडण. मग खराडीचा मॅनेजर. काका डोळे मिटून ऐकत होते आणि मान हलवत होते. संपल्यावर रेकॉर्डर बंद करून म्हणाले, "जुळतंय." मग उठता उठता, "पण कॉपीच आहे."

ते चहाचं आधण ठेवायला आत गेले. त्यांचा फोन टेबलावरच होता. मी चाचांना लावला. मान थोडी डावीकडे घेतली.

"मार्केट यार्ड? जुना घेऊन ये. नवीन घेऊन जा."

तिकडून जाडा आवाज, "अरे... पण पोरगी तर म्हणाली, गरज नाही?"

"उघडून बघितलंस?" मी म्हणालो.

"येतो," चाचा म्हणाले.

खराडीलाही लावला. ती म्हणाली, "काका, ॲक्च्युअली तो माझ्या किल्ल्यांनाच अडकवलाय. येते मी." मी फोन जागेवर ठेवला तेव्हा काका दारात उभे होते, हातात चहाची किटली. किती ऐकलं माहीत नाही. पण पुढच्या रविवारी, चौथा असूनसुद्धा, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

चाचा आले. गुडघा धरून दोन जिने चढले. खराडी आली. मी परत एसटीला लागलो. काकांचे महिने परत भरायला लागले, आणि क्लाउडही आपला आपोआप चालू राहिला. मेघाताईंना काका म्हणायचे, "तुझंही असू दे. जास्त झाली म्हणून बिघडत नाही."

त्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि तिथेच. शेजारच्या किल्लीनं दार उघडलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर झाली, नातेवाईक पांगले, आणि खोलीत शेवटी चार माणसं उरली. मेघाताई, मी, आणि दोन अनोळखी. त्यातले एक म्हातारे गृहस्थ श्वास घेऊन म्हणाले, "अरे, पाणी देतोस का जरा?" आणि मी पाणी द्यायचं विसरून म्हणालो, "मार्केट यार्ड!" कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, "म्हणजे तू करमाळा? ॲक्च्युअली मला वाटलं होतं, तू बारीक असशील." आम्ही एकमेकांचे गुडघे, मॅनेजर, एसट्या सगळं ओळखत होतो. तोंडं तेवढी नवीन होती.

मेघाताई लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. "सगळं आहे," त्या म्हणाल्या. "एक फाईल गेली नाही. पण बाबांचा आवाजच नाहीये कुठे. मलाही ते नेहमी टाइपच करायचे, आणि फोनवरचं कोण रेकॉर्ड करतं? मी काल सगळं लावून बघितलं. नुसतं 'हं, बोला'. सगळीकडे 'हं, बोला' आणि पुढे दुसरंच कुणीतरी."

मग चाचांनी माझ्याकडे बघितलं. "तो फोन तूच केला होतास ना रे?"

मी मान हलवली.

"मला तेव्हाच कळलं होतं. इतक्या वर्षांत त्यानं कधी स्वतःहून बोलावलं नाही कुणाला. वाट बघेल, पण फोन करणार नाही." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "जिने चढलो ते म्हणूनच. कर परत एकदा."

जगात त्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी होता, माझ्या नरड्यात. एकच होता. खराडीनं फोन काढला, बटण दाबलं आणि तिच्याही नकळत म्हणाली, "हं. बोला."

मी मान डावीकडे घेतली. "उघडून बघितलंस?"

"जरा हळू," चाचा डोळे मिटून म्हणाले. "'बघितलंस'वर थांबायचा तो. पुन्हा." मी पुन्हा केलं. मग "एकच आहे? मग गेलंच समज" केलं. मग "कारखाना जळाला तरी" केलं. "माल पोचला का" केलं. आठवेल तेवढं सगळं केलं. चाचा शेवटी म्हणाले, "जुळतंय."

खराडीनं मेघाताईंच्या लॅपटॉपवरून तिन्ही पेनड्राइव्हवर ते उतरवलं. तिन्ही टेबलावर शेजारी-शेजारी पडले होते. ते बघून चाचा काठी टेकत उठले. "हे बरं नाही. सगळ्या एका छपराखाली. त्याला चाललं नसतं. निघू आपण, एकेक करून." आधी ते गेले. त्यांचा जिना उतरण्याचा आवाज थांबल्यावर खराडी गेली.

मी लाल घर खिशात टाकलं, तेव्हा मेघाताई म्हणाल्या, "माझ्याकडे द्याल एक?"

मी ड्रॉवर उघडला. निळं घर तिथेच होतं. चिठ्ठीवरचं नाव त्यांनी वाचलं, बोट फिरवलं, विचारलं, "हे कधीपासूनचं?" मी म्हटलं, "दर महिन्याचं आहे, ताई." त्यात तेवढा एक आवाज घालायचा राहिला होता. तो घातला, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी फाईल लावली. पंख्याचा आवाज आला, मग मान डावीकडे घेतलेला तो सूर आला: "उघडून बघितलंस?"

"हो, बाबा," मेघाताई म्हणाल्या.

मग मी निघालो. दुपारची एसटी होती.